झरीतला आठवा धपाटा

आमच्या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लोकांना उगाच वाटतं की आम्ही ते लपवतो. नाटकाचा शेवट ठरलेला असतो म्हणून कुणी नटाला खोटारडा म्हणत नाही, आम्हालाच तेवढं म्हणतात. शेवट ठरवता येतो, मधला मार कसा ठरवणार? उघडा तळवा पाठीवर सणसणीत बसला की तो बसतोच. तो खोटा बसवायची विद्या मला अजून कुणी शिकवलेली नाही.

मी तलासरीच्या बाजूला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कुठल्या, ते सांगत नाही. ज्यांची कामं माझ्या टेबलावर अडली त्यांना बरोबर ठाऊक आहे. राहते मसोलीला. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, नवरा शिक्षक, मुलगी शाळेत, घरात सगळे शांत स्वभावाचे, एकटी मीच तापट. चाळिशी जवळ आली तसे गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं. तो करायला मी आशागडला चिकूच्या एका गोदामात जाऊन पोचले.

तिथे अर्ध्या भागात चिकूचे क्रेट रचलेले असायचे आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या वस्तादांनी रिंग उभारली होती. खाली ट्रकचे जुने टायर, त्यावर फळ्या, फळ्यांवर भाताचा पेंढा आणि वर ताडपत्री. वस्ताद तालमीत वाढलेले. तरुणपणी मुंबईला फ्रीस्टाइलच्या खेळांत बरीच वर्षं होते. तिथून ते येताना एक मोडकी मान घेऊन आले. कुणी हाक मारली की त्यांची मान वळत नाही, ते आख्खे वळतात. पहिल्या दिवशी मी मनात हसले होते. आज त्याची लाज वाटते.

त्यांनी आम्हाला दोनच गोष्टी घोटून शिकवल्या. एक, गळ्याच्या वर हात न्यायचा नाही. दुसरी मनगटाची. जोरात मारायच्या आधी समोरच्याचं मनगट धरून दाबायचं आणि त्याने उलट दाबलं तरच मारायचं. लोकांना वाटतं दोघी एकमेकींना धरून झोंबतायत, आणि आम्ही तेव्हा विचारत असतो, मारू का? दाब आला नाही तर फटका नाही, मग समोर हजार माणसं का बसलेली असेनात.

माझी जोडीदारीण मला त्याच गोदामात मिळाली. ती झरीची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गोदामात चिकू निवडायच्या कामाला. तिचं काम बघत बसावं असं होतं. कडक चिकू लांबच्या बाजाराला जातात, पिकायला लागलेले वेगळे काढावे लागतात, कारण क्रेटमध्ये एक जरी मऊ गेला तरी तो बाकीच्यांना पिकवतो. ती फळाकडे बघायचीच नाही. आमच्याशी गप्पा मारायची आणि बोटंच निवाडा करायची. महिनाभर ती लांबून माझी कसरत बघत होती. मग एका संध्याकाळी हात पुसत जवळ आली आणि म्हणाली, "ताई, पडते तू चांगली. मारते मात्र माशी हाकलल्यासारखी."

वस्तादांनी तिला रिंगमध्ये बोलावलं आणि स्वतःची पाठ पुढे केली. म्हणाले, मार बघू. तिने मारलं. वस्ताद थोडा वेळ दोराला धरून उभे राहिले आणि मग गोदामाच्या शेठना जाऊन सांगून आले की ही पोरगी रविवारी मला हवी.

कार्यालयात मी या खेळासाठी लेखी परवानगी मागितली, तेव्हा माझ्याच अर्जावर मला चार वेळा "उद्या या" ऐकावं लागलं. पाचव्यांदा ऐकताना मला माझं सोंग सापडलं. मी रिंगमध्ये यायची ती गळ्यात ओळखपत्र आणि काखेत फाइल घेऊन. समोरच्या बाकांवरून कडक नजर फिरवायची आणि माइकवर सांगायची, "साहेब बाहेर गेलेत. उद्या या." त्यावर लोक ज्या शिव्या घालायचे त्या इथे लिहिता येणार नाहीत. मग झरीवाली यायची आणि मला बडवायची, आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत ज्याने म्हणून कधी कागदासाठी खेटे घातले असतील त्या प्रत्येकाच्या जिवाला थंडावा मिळायचा.

आम्ही जोरात मारायचो, हे मात्र खरं. आमच्याकडची माणसं भात झोडणारी. फटका खरा की खोटा हे त्यांना डोळे मिटून आवाजावरून कळतं. शहरातून कधी एखादी टोळी यायची, सुंदर उड्या मारायची, हवेत गिरक्या घ्यायची, आणि आमची माणसं शेंगा सोलत बसायची. झरीवालीचा एक धपाटा माझ्या पाठीवर वाजला की शेंगा सोलणारे हात थांबायचे. आणि मलाही त्यात आनंद होता, का लपवू? दिवसभर खुर्चीत बसून अंगाला जी बुरशी येते ती एका फटक्यात झडायची. पाठ पेटलेली असताना मी सरळ उभी राहायची आणि मला वाटायचं, आहे, मी अजून आहे. याची चटक लागते. दारूची लागते तशीच लागते, फक्त हिला लोक टाळ्या वाजवतात.

आशागडच्या एका खेळात पुढच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. शेंगा खात होते आणि दर दोन मिनिटांनी मोठ्याने सांगत होते, "सगला खोटा हाय." मी पाठ दिली, खोटा. मी आपटले, खोटा. माझ्या अंगावर वळ उठले तरी खोटा. माझं डोकं फिरलं. मी झरीवालीला दोन्ही कानांपाशी धरलं आणि मनगट न दाबता, काही न विचारता, माझं कपाळ तिच्या कपाळावर हाणलं.

नारळ फुटावा तसा आवाज झाला.  सगळं मैदान ओरडत उठून उभं राहिलं. त्या गृहस्थांच्या शेंगा खाली सांडल्या होत्या. झरीवाली क्षणभर डगमगली, मग माझ्याकडे बघून हसली आणि तिने मला उचलून आपटलं. मोबाइलवर ते चित्रण दुसऱ्या दिवशी उंबरगावच्या बाजारापर्यंत पोचलं होतं.

वस्ताद त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या रविवारी म्हणाले, "गळ्याच्या वर नाही, हे मी कशासाठी सांगितलं होतं?"

"वस्ताद, लोक उभे राहिले होते," मी म्हटलं.

"लोक माझ्यासाठीही उभे राहिले होते," ते म्हणाले आणि आख्खे वळून निघून गेले.

त्यांना न जुमानता आम्ही अजून तीनदा तेच केलं. लोक "डोकं, डोकं" असं ओरडून मागायचे आणि आम्ही द्यायचो. ती कधी नको म्हणाली नाही. माझं कपाळ रुंद आणि जाड, घरचे सगळे तसं म्हणतातच. मार तिला जास्त लागत होता आणि मी तो तिच्या हसण्यावरून मोजत होते. हसतेय, म्हणजे ठीक आहे.

मग एका बुधवारी मी गोदामात गेले तर शेठ डोक्याला हात लावून बसले होते. लांबच्या बाजाराला गेलेल्या मालातले पाच क्रेट वाटेतच पिकून गेले होते. कडक मालात मऊ चिकू गेला होता, आणि तो माल झरीवालीच्या टेबलावरचा होता. शेठना स्वतःच्या कानांवर विश्वास बसत नव्हता. मी तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि तिची बोटं बघत राहिले. तिने एक चिकू उचलला, दाबला आणि कडक मालात टाकला. मला हात न लावताही दिसत होतं की तो पिकलाय.

"अगं, मऊ आहे तो," मी म्हटलं.

"कुठं?" तिने तो परत हातात घेतला, बराच वेळ धरला. "हां."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच झालं. मग तिने मला विचारलं, ताई, तुझ्या पोरीची परीक्षा झाली काय? मी झाली म्हणून सांगितलं. चिकू निवडता निवडता तिने ते आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नव्याने.

चिकू पडला तर त्याच दिवशी काही दिसत नाही. वरून शाबूत असतो, आणि दोन दिवसांनी बोट लावलं की बोट आत जातं. हे मला तिनेच शिकवलं होतं.  तिला स्कूटरवर मागे बसवलं, मला घट्ट धर म्हणून सांगितलं, आणि सरळ डहाणूला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, एका रेषेत चालायला लावलं, स्कॅन काढून घेतला. नशीब, आत रक्तस्राव नव्हता. पण मेंदू हलला होता, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. "पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर माणूस जागेवर जातो," त्या म्हणाल्या. "दोन महिने खेळ नाही, मोबाइल नाही. आणि डोक्यावर मार कधीच नाही." मग माझ्या कपाळाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही काय तिला वैरी समजता का?" 

बाहेर आल्यावर झरीवाली भडकली. पंधरा दिवसांवर झरीचा खेळ आला होता, तिच्या स्वतःच्या गावातला पहिलाच. तिची आई, नवरा गेल्यावर भातशेती आणि मजुरी करून पोर वाढवलेली बाई, पहिल्यापासून एकच धोशा लावून होती की हे सगळं नाटक आहे.

"आई सगल्या पाड्याला सांगते, माझी पोर नाचायला जाते, मार नाय खात," झरीवाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकदा तिच्यासमोर खेळू दे, ताई. मग दोन महिने काय, वर्षभर झोपून राहते."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली की डोकं तिचं आहे. मी म्हटलं, तुझं आहे, पण फोडलंय मी. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. वस्ताद स्वतः झरीला जाऊन पोस्टरवरच्या तारखेवर कागद चिकटवून आले. गावात बोभाटा झाला की पोरगी घाबरली, मोबाइलमधली कुस्ती गावात खेळायची हिंमत नाही. आईला तिने ताप आलाय म्हणून सांगितलं. मी दोनदा घरी भेटायला गेले, आईने कोरा चहा दिला, आणि तिच्यासमोर बसून मीसुद्धा तापच म्हणाले. ते खोटं आमच्या सगळ्या खेळांपेक्षा मोठं होतं.

दोन महिने गेले. हळूहळू तिची बोटं ठिकाणावर आली आणि माझ्यावरचा रागही उतरला. शेठ मुद्दाम मऊ चिकू मिसळून बघायचे आणि ती न बघता ते काढून त्यांच्या पुढ्यात ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं आणि परवानगी दिली, पण अट घातली: हिने पडायचं नाही, हिच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. वस्तादांनी खेळ नव्याने बसवला. पडायचं सगळं काम माझ्याकडे आलं. "मॅडम, पाप तुमचं आहे, फेडा," ते म्हणाले. मला ते पटलं.

माघात, दुपारी चार वाजता, झरीला कापणी झालेल्या खाचरात रिंग उभी राहिली. पाड्यातल्या माणसांनी स्वतः ताजा पेंढा आणून अंथरला होता, चांगला हातभर. गर्दी बांधांवर, झाडांवर, टेम्पोच्या टपावर. तिची आई सगळ्यांच्या मागे, हाताची घडी घालून उभी. मी काखेत फाइल घेऊन चढले आणि "उद्या या" म्हटलं तेव्हा इतका आरडाओरडा झाला की कार्यालयात माझी काय अब्रू आहे ते एकदाच नीट कळलं.

पहिली दहा मिनिटं छान गेली. तिने मला चार वेळा उचलून आपटलं. मग गर्दीतून ते सुरू झालं. "डोकं, डोकं." सगळ्यांनी मोबाइलवर बघितलेलं होतं, त्यांना तेच हवं होतं. तिने माझं मनगट धरलं आणि दाबलं. मी उलट दाबलं, मला वाटलं पाठीवर मारायचं विचारतेय. तिने मान खाली घालून कपाळ माझ्यापुढे धरलं.

"एकदाच, ताई," ती कुजबुजली. "माझा गाव हाय. आई बघते."

"नाही."

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "खोटा हाय." मग दुसरा म्हणाला. मग बांधावरून पोरं तालात ओरडायला लागली, खोटा हाय, खोटा हाय. तिचा चेहरा उतरला. त्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तिने दोन महिने खेळाविना राहून ज्याची वाट बघितली ते डोळ्यांसमोर वाहून चाललं होतं आणि वाचवायला माझ्यापाशी एकच गोष्ट होती, माझी पाठ. मी वस्तादांच्या हातून माइक ओढून घेतला.

"माझ्या टेबलावर कुणाकुणाचं काम अडलंय?" मी गर्दीला विचारलं.

 हात वर व्हायला लागले. बरेच हात.

"मला सांगू नका. साहेब नाहीत. हिला सांगा." मी खाली पडलेली फाइल उचलून भिरकावली, माइक टाकला, वरचा दोर एका हाताने धरला आणि लोकांना पाठ दिली. दुसरा हात मागे नेऊन तिचं मनगट चाचपलं आणि दाबलं. ती उमजली.

"जातीचा दाखला," कॉलेजातली एक मुलगी ओरडली. झरीवालीने हात मागे नेला आणि पहिला धपाटा बसला. त्याचा आवाज पलीकडच्या पाड्यापर्यंत गेला असेल. खोटा हाय म्हणणारी पोरं गप्प झाली.

"रेशनकार्डात सुनेचा नाव." दुसरा. मी दोर आणखी घट्ट धरला.

"सातबाऱ्यावर मेलेला आजा हाय अजून." तिसरा. आता प्रत्येक धपाट्याला सगळं खाचर एका आवाजात हुंकार भरत होतं. चौथा यंत्रावर अंगठा न जुळणाऱ्या एका बाईचा. पाचवा वनपट्ट्याचा. सहावा एका म्हाताऱ्याच्या पेन्शनचा, आणि त्या म्हाताऱ्याला मी खरोखरच दोनदा परत पाठवलं होतं. तो धपाटा मला रास्त वाटला. सोमवारी गेल्या गेल्या त्याची फाइल वर काढली.

दर फटक्याआधी ती मनगट दाबत होती आणि मी उलट दाबत होते. सहाव्यानंतर माझा दाब जरा उशिरा गेला. ती थांबली. एवढी गर्दी गर्जत होती, तरी थांबली. मी श्वास घेतला आणि दाबलं.

"रोज उद्या या बोलते, त्याचा," कुणीतरी ओरडलं, आणि सातवा सगळ्या गावाने मिळून मोजला. मग तिने मला खांद्यावर घेतलं, गर्रकन फिरवलं आणि पेंढ्यावर टाकलं. वस्ताद खाली बसले, तीन वेळा हात आपटला आणि झरीची पोरगी झरीत जिंकली. लोक नाचत होते. टेम्पोच्या टपावरचे खाली उड्या मारत होते.

त्या गोंधळातून तिची आई वाट काढत आली. दोराखालून वाकून रिंगमध्ये शिरली आणि मी पालथी पडले होते तिथे गुडघ्यांवर बसली. माझ्या टीशर्टची मानेमागची कड तिने ओढली आणि आत बघितलं. पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

"खरा हाय," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण माइक तिथेच पडला होता. सगळ्या खाचराला ऐकू गेलं.

 मग तिने विचारलं, "मग तो मोबाइलमधला? डोक्याचा?"

"तोही खरा," मी म्हटलं.

"आणि ताप?"

"ताप नव्हता. तिच्या डोक्याला मार लागला होता. मी मारला होता, आई. तिला न विचारता."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. "खोटा हाय, खोटा हाय असा मी बोलायची," ती म्हणाली, "म्हणून तर रातची झोप लागायची मना."

आणि तिने हात उचलला आणि माझ्या पेटलेल्या पाठीवर सगळ्या आयुष्याच्या मजुरीची ताकद लावून धपाटा घातला. आठवा. त्या दिवसातला सगळ्यात जोराचा.  खाचरातली यच्चयावत माणसं उभी राहिली, आणि मला शपथेवर सांगता येईल की वस्तादसुद्धा हसत होते.

मग ती उठली, पोरीपाशी गेली आणि दोन्ही तळव्यांनी तिचं डोकं चाचपलं, कानांमागे, टाळूवर, कपाळावर. झरीवाली रडत होती आणि हसत होती. तिचा उजवा हात वस्तादांनी धरला होता. आईने तो त्यांच्याकडून सोडवून घेतला आणि स्वतः वर केला.

"डोक्याला कोणी हात नाय लावायचा," तिने सगळ्या गावाला बजावलं. "पाठीवर पायजे तेवढा मारा."

गाव हो म्हणालं. मी पेंढ्यात तोंड खुपसून पडले होते, उठायची ताकद नव्हती, आणि हरून इतकी खूश मी जन्मात कधी झाले नव्हते.